सेलिना सिस्टरचे दोन रकाने

सेलिना सिस्टरनी मला केळीच्या खांबांच्या तराफ्यावर दोरीने बांधून बावखलात ढकललं, तेव्हा आमची ओळख जेमतेम आठ दिवसांची होती. बावखल म्हणजे आमच्या भागात वाडीच्या कडेला असतं ते गोड्या पाण्याचं तळं. मी उताणा, डाव्या दंडाला एक कच्ची पपई बांधलेली, आणि छातीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या सिस्टर हातात सिरिंज धरून मला बजावत होत्या, "हलू नका मास्तर. तुम्ही पेशंट आहात आणि तुम्हाला वजन नाही."

माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

त्यांनी सुई पपईत खुपसली. तराफा निघाला तो थेट समोरच्या काठाला जाऊन टेकला. "बघितलंत?" सिस्टर खूश होऊन ओरडल्या. "सुई टोचली की पेशंट पळतो. वर असंच होणार. म्हणजे आधी पेशंटला बांधायचं, मग स्वतःला बांधायचं, आणि मग इंजेक्शन." एवढं बोलून त्या बाहेर आल्या, हात पुसले आणि काठावरच्या वहीत हे सगळं लिहायला बसल्या. मला सोडवायचं त्यांना दहा मिनिटांनी आठवलं. त्यांचं म्हणणं असं की पेशंट कुठे जात नाही, पण पाहिलेलं विसरायला होतं.

वर म्हणजे अंतराळात. आपल्या देशाची माणसं यानात बसून वर जाणार, ही बातमी तुम्ही-आम्ही पेपरात वाचली, अभिमानाने छाती फुगवली आणि पान उलटलं. सिस्टरनी पान उलटलं नाही. त्यांनी फोटोतल्या माणसांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातली सिस्टर कोण?" सगळे वैमानिक होते. "म्हणजे पेशंट आहेत आणि सिस्टर नाही," त्या म्हणाल्या. "असा वॉर्ड मी एक पाळीसुद्धा चालू दिला नसता."

सिस्टर इथल्याच, नंदाखाल गावच्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात अडतीस वर्षं नोकरी करून इन्चार्ज म्हणून निवृत्त झाल्या. नवरा, पास्कल, नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा, एल्विन, ऑस्ट्रेलियात असतो. घराभोवती केळी आणि सोनचाफ्याची वाडी आहे, आणि वाडीच्या कुंपणापासून दोनशे पावलांवर आमची इमारत. मी मूळचा राजापूरकडचा, इथे फ्लॅट घेतलेला, शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. एका रविवारी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकत घ्यायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, विज्ञान शिकवतो. त्यांनी माझ्या पाठीमागचं फाटक लावून घेतलं. सुकेळी मला त्या दिवशी मिळाली नाहीत.

पुढचे काही महिने मी शाळेत जितकं शिकवलं नसेल तितकं त्यांच्या ओटीवर शिकवलं, आणि जितकं शिकवलं त्याच्या दुप्पट शिकलो. एक उदाहरण सांगतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ती उभी धरून टिचकी मारतात. बुडबुडा वर येतो, दांडा दाबला की बाहेर जातो. "पण जिथे वर-खाली नाहीच, तिथे बुडबुडा कुठे जाईल?" सिस्टरनी विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो. विज्ञान शिक्षकाचं हे ठरलेलं उत्तर आहे. मी बघेपर्यंत त्यांनी सिरिंजला सुतळी बांधली आणि अंगणात उभं राहून डोक्याभोवती गरागरा फिरवली. बुडबुडा मुकाट्याने एका टोकाला गेला. वाडीतले पोपट तीन दिवस फिरकले नाहीत, आणि शेजारच्या वाडीवाल्याने हे नवीन यंत्र कुठे मिळतं म्हणून चौकशी केली.

सलाइन वर ठिबकत नाही, कारण ठिबकायला खाली लागतं. मग बाटलीला बी.पी.चा पट्टा गुंडाळून ती पिळायची. जखमेतून रक्त वाहत नाही, तिथेच गोळा होऊन थरथरत बसतं. मग त्यावर आधी झाकण ठेवायचं आणि मग टाके. हे सगळं तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरत होतं. वहीवर नाव होतं 'वरचा वॉर्ड'. वर लघवी लागल्याची जाणीव वेळेवर होत नाही, हे मी सांगितलं तेव्हा तर त्या जागच्या उठल्या. "मग घड्याळ लावून उठवायचं. हे मी अडतीस वर्षं केलंय. ह्यात त्यांना काय जड जातंय?" पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी ही माहिती चार बायकांना मोठ्या आवाजात दिली. मी बाहेर रस्त्यावर स्कूटर सुरू करत होतो, तरी मला ऐकू आली.

पण त्यांचा मुख्य मुद्दा इंजेक्शनचा नव्हता. तो त्या कुणालाही, कुठेही थांबवून सांगत. "डॉक्टर राउंडला येतो तेव्हा पेशंट काय म्हणतो? ठीक आहे साहेब. डॉक्टर गेला की चादर बदलताना हळूच म्हणतो, सिस्टर, रात्रभर छातीत कळ येत होती. का? कारण डॉक्टर उभा असतो. सिस्टरचा हात पाठीखाली असतो." मग आवाज खाली आणून, "आणि हे तर वैमानिक. दुखतंय म्हटलं तर उद्या विमानातून उतरवतील, ही त्यांना धास्ती. ही माणसं खाली खरं बोलत नाहीत, तर वर जाऊन काय बोलणार?"

मला हा मुद्दा पटला होता. म्हणून अंतराळाचं काम बघणाऱ्या ऑफिसला पत्रं लिहायला मी तयार झालो. तीन लिहिली. दोन मराठीत, एक इंग्रजीत. प्रत्येक पत्रात वरच्या वॉर्डाला सिस्टर द्या अशी मागणी होती, आणि तिसऱ्यात, दुसरी कुणी मिळत नसेल तर मी येते, दात स्वतःचे आहेत, असा एक परिच्छेद त्यांनी माझ्याकडून बळजबरीने घालून घेतला. तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. सूचनांची नोंद घेतली आहे. मोहिमेत परिचारिकेची तरतूद नाही. प्रवाशांसाठी जमिनीवरून डॉक्टर सतत संपर्कात असतील.

उत्तर सभ्य होतं. मी असतो तर फ्रेम केलं असतं. सिस्टरनी ते दोनदा वाचलं आणि कादोडीत काहीतरी बोलल्या. कादोडी ही त्यांची घरातली बोली. राग आला की त्या तिच्यात शिरत, आणि मला त्यातलं निम्मंच कळे. त्यामुळे आमचे संबंध कायम चांगले राहिले. मग मराठीत म्हणाल्या, "फोनवर डॉक्टर. ठीक आहे. दाखवतेच त्यांना."

त्यांचा बेत असा होता. अंतराळात शरीराचं काय होतं ते जमिनीवर बघायचं असेल तर माणसाला पायाकडून उंच केलेल्या खाटेवर आडवं ठेवतात, दिवसच्या दिवस. रक्त डोक्याकडे येतं, पाय वाळतात, हाडं झिजतात, पाठ धरते. हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं, आणि आता मला त्याचा पश्चात्ताप होत होता. सिस्टर एकवीस दिवस तशा पडणार होत्या. चार्टवर दोन रकाने. पहिल्यात पेशंट फोनवर जमिनीला काय सांगतो ते. दुसऱ्यात खाटेशेजारी बसलेल्या सिस्टरला काय सांगतो ते. दोन्ही रकान्यांत फरक पडला की सिस्टर जिंकल्या. चार्ट ऑफिसला जाणार होता. फरक पडला नाही, तर ऑफिसचं खरं.

मी म्हटलं, या वयात पायात रक्ताची गाठ झाली तर? त्या म्हणाल्या, "मला शिकवू नका. पोटऱ्या दाबायला माणूस ठेवलाय."

ते माणूस म्हणजे रेजिना. सिस्टरच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेली, आता निवृत्त होऊन पापडीला राहणारी. ती रोज सकाळी स्कूटरवरून येई, बिछान्यातच आंघोळ, बेडपॅन, भरवणं, कूस बदलणं, सगळं करून संध्याकाळी पाचला जाई. रात्री आठला वाडीत काम करणाऱ्या जनाबाई सोबतीला झोपायला येत. खाटेचा पायथा किती उचलायचा ते गणित माझ्याकडे आलं. सहा अंश. मी कागद-पेन्सिल घेऊन उत्तर काढलं, अडीच विटा. अर्धी वीट कशी फोडायची यावर गवंड्याशी माझा वाद झाला तो वेगळा.

जमीन मी होतो. जमिनीने घरात पाऊल टाकायचं नाही, असा कडक हुकूम होता. रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या फ्लॅटमधून फोन करायचा. आणि तोही साधा नाही. मंगळाच्या वाटेवर बोलणं पोचायला मिनिटं लागतात, हे कुठेतरी वाचून सिस्टरनी नियम केला की एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने तीन मिनिटं घड्याळ लावून गप्प बसायचं. मी म्हटलं, आपली माणसं मंगळावर कुठे चाललीयेत? "ती जातील तेव्हा जातील," त्या म्हणाल्या, "सिस्टर आधी तयार पाहिजे. आणि मधल्या वेळात काही ऐकू आलं तर ते ऐकलं नाही असं समजायचं."

तर रोज सातला मी विचारी, "सिस्टर, कशा आहात?" तीन मिनिटं. "ठीक आहे. तुम्ही?" तीन मिनिटं. "मी बरा आहे. पाठ दुखते का?" तीन मिनिटं. "नाही. ठीक आहे." एका फोनमध्ये माझे सातवीचे आठ पेपर तपासून होत. आमची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणे, "अहो, दोनशे पावलांवर आहे ती बाई. चालत गेलात तर एवढ्यात चहा पिऊन याल." मी तिला गप्प राहायची खूण करी, कारण तिचं बोलणंही तीन मिनिटांत मोडलं असतं.

चौथ्या दिवशी गावात बोलवा झाली की सिस्टर अंथरुणाला खिळल्या, पाय वर करून ठेवलेत, पापडीची नर्स रोज येते, आता काही खरं नाही. मिस्सा झाल्यावर फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन हजर. हे मला रेजिनाने फाटकावर सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "फादर, तेल राहू द्या. बी.पी. बघा, माझं तुमच्यापेक्षा चांगलं असेल. एकवीस दिवसांच्या आत मरायला मला सवड नाही." मग त्यांनी फादरना खुर्चीवर बसवून एकच प्रश्न विचारला. "लोक कुमसाराला खरं बोलतात?" फादर म्हणाले, बोलतात, पाप सांगायलाच तर येतात. "मग फोनवर सांगितलं तर?" फादर म्हणाले, "फोनवर कुमसार चालत नाही सिस्टर. समोर यावं लागतं." सिस्टर आडव्या होत्या म्हणून, नाहीतर उडी मारली असती. "रेजिना, लिही. चर्चलासुद्धा मान्य आहे."

पण चार्ट मात्र त्यांच्या बाजूने बोलेना.

दहा दिवस झाले. पहिल्या रकान्यात दहा वेळा 'ठीक'. दुसऱ्या रकान्यात, रेजिनाच्या बारीक अक्षरात, दहा वेळा 'ठीक'. मी रेजिनाला फाटकावर गाठलं. ती म्हणाली, "पाठ धरलीये त्यांची. कूस बदलताना ओठ चावतात. चेहरा सुजलाय, पोटऱ्या हातात मावतात. विचारलं की ठीक. मास्तर, मला कशाला सांगतील? मी त्यांची ज्युनिअर. एकदा थर्मामीटर फोडला म्हणून मला आठवडाभर रात्रपाळी दिली होती त्यांनी."

रविवारी एल्विनचा व्हिडिओ कॉल आला. सिस्टरनी रेजिनाला फोन असा धरायला लावला की खाटेचा पायथा दिसू नये. तो म्हणाला, "मम्मी, चेहरा भरलाय तुझा. तब्येत सुधारली." सिस्टर म्हणाल्या, "हो रे. ठीक आहे सगळं." तो वाईट मुलगा नाही. त्याने ऐकलं ते खरं मानलं, एवढंच.

त्या संध्याकाळी मी मास्तरकी केली. फोनवर, नियमाप्रमाणे थांबत थांबत, सांगितलं की सिस्टर, दोन्ही रकाने सारखे आहेत. हा प्रयोग आज संपवला तर ऑफिसचं म्हणणं सिद्ध होतं. फोन असला काय आणि माणूस असलं काय, पेशंट तेच सांगतो. तीन मिनिटं गेली. चार गेली. सिस्टरनी फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेजिनाला फर्मावलं, "दुसऱ्या रकान्यात लिही, कंबर दुखते." रेजिनाने पेन खाली ठेवलं. "तुम्ही मघाशी ठीक म्हणालात. पेशंट बोलला तेच लिहायचं. तुम्हीच शिकवलंय." म्हणे त्यानंतर दुपारपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि बेडपॅनचं काम सगळं खुणांनी झालं.

त्या हरत होत्या आणि त्यांना ते कळत होतं. अडतीस वर्षं ज्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांनी दुसऱ्यांकडून काढून घेतलं, त्याच प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःला देता येत नव्हतं. एकविसातले आठ दिवस उरले, पाच उरले, तीन उरले. सगळे 'ठीक'.

एकोणिसाव्या संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला. "सिस्टर, कशा आहात?" तीन मिनिटांनी उत्तर आलं, "ठीक आहे. चहा झाला." आता माझी गप्प बसायची पाळी. मी घड्याळ लावलं, फोन टेबलावर ठेवला आणि एक पेपर पुढे ओढला.

फोनमधून आवाज यायला लागला. सिस्टरचाच, पण मी कधी न ऐकलेला. मऊ, सावकाश. "काय गं सेलिना, पाठ दुखते का?" मग थोडं थांबणं, पेशंट बोलेल म्हणून थांबतात तसं. "पाणी देऊ? कूस बदलायची का बाय?" पुन्हा थांबणं. "खरं सांग. मी कुणाला सांगत नाही." आणि मग त्याच खोलीतून, त्याच गळ्यातून, कादोडीत उत्तर. बारीक आवाजात, न थांबता. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. जे निम्मं कळलं ते मी ऐकलं नाही असं समजायचं होतं. तेवढं मात्र मला जमलं नाही.

मी उठलो. बायको माझ्याकडे बघून दारातून बाजूला झाली. एका पायात माझी चप्पल आणि एका पायात तिची, हे मला वाडीच्या फाटकाशी कळलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

सिस्टर अडीच विटांच्या उतारावर डोकं खाली करून पडल्या होत्या. फोन छातीवर. डोळ्यांतून आलेलं पाणी गालावर न येता कपाळाकडे चाललं होतं. त्यांनी मला बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, अजून अर्धं मिनिट आहे."

"मी आलो."

"जमीन अशी उठून येत नसते."

"आली," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसलो. माणूस रडत असलं की काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी त्यांच्या उशाशी पडलेला टॉवेल घडी करून पुन्हा तिथेच ठेवला. त्यांनी कपाळ पुसलं. अर्धं मिनिट त्यांनी खरंच जाऊ दिलं. मग बोलल्या, आणि ते मराठीत बोलल्या, मला कळावं म्हणून.

"परवा एकवीस होतात. मला उठायचं नाही मास्तर. उठले की रेजिना यायची बंद, तुमचा फोन बंद, फादर पण कशाला येतील? पाठ दुखते, ती सहन होते. पहिल्या दिवशी रेजिनाने कोमट पाण्याने माझी पाठ पुसली ना, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले. तिला वाटलं पाणी जास्त गरम आहे. पास्कल गेल्यापासून माझ्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. नऊ वर्षं. मी हजारो पाठी पुसल्या असतील, आणि मला माहीतच नव्हतं की त्याचं एवढं असतं."

मग नाक शिंकरून त्या एकदम इन्चार्जच्या आवाजात म्हणाल्या, "चार्ट कुठे आहे? लिहा."

"मी?"

"खुर्चीवर कोण बसलंय? दुसरा रकाना. मी बोलले तसं लिहा."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हटलं, "सिस्टर, हे त्या ऑफिसात जाईल. अनोळखी माणसं वाचतील, कदाचित हसतील. पाठ दुखते एवढं ठेवून बाकीचं गाळू का? फरक तेवढ्यानेही पडतो."

"एक शब्द गाळायचा नाही," त्या म्हणाल्या. डोकं खाली आणि पाय वर असलेल्या माणसाला इतकं ताठ बोलताना मी बघितलेलं नाही. "पाठदुखी ते यंत्र लावून शोधतील. हे कसं शोधणार? यान चालवणारी ती पोरं हे लिहितील? मान कापली तरी लिहायची नाहीत, लाज वाटेल त्यांना. वर सगळे आपापल्या ओल्या टॉवेलने अंग पुसतात, वाचलंय मी. महिनोन्‌महिने. मला अडुसष्टाव्या वर्षी कसली लाज? हसू दे त्यांना. हसून झालं की सिस्टर पाठवा म्हणावं."

तो चार्ट जसाच्या तसा पोस्टाने गेला. पहिला रकाना, एकोणिसावा दिवस, संध्याकाळी सात, 'ठीक आहे, चहा झाला'. दुसरा रकाना, तोच दिवस, सात वाजून दहा मिनिटं, आणि पुढे अकरा ओळी. अजून उत्तर आलेलं नाही. सिस्टरनी पुढचं पत्र लिहायला घेतलं आहे आणि त्याची भाषा आधीच्या तिन्हींपेक्षा वाईट आहे. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, विसाव्या दिवसाची सकाळ.

दुसऱ्या रकान्याखाली ड्युटीवरच्या सिस्टरची सही लागते. नियम म्हणजे नियम. म्हणून नऊच्या सुमाराला मी, रात्री माझ्याबरोबर घरी आलेला चार्ट घेऊन गेलो. जमीन एकदा घरात शिरली होती, आता तिला कोण अडवणार? रेजिनाचं सकाळचं काम आटोपलं होतं. सिस्टरची आंघोळ झाली होती, पावडर लागली होती, चादर ताणून बसवली होती, आणि रेजिना मोसंबी सोलत होती. मी तिच्यापुढे चार्ट धरला. तिने हात पुसून तो घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. सिस्टर छताकडे बघत होत्या.

रेजिनाने सही केली. पेन ठेवलं. मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. स्वयंपाकघरात गेली, आणि मोठं पातेलं नळाखाली धरल्याचा आणि मग गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"रेजिना, काय करतेस?" सिस्टर म्हणाल्या. "आंघोळ झाली ना माझी सकाळी."

रेजिना बादली आणि दोन टॉवेल घेऊन आली. बाह्या वर सारल्या. "मास्तर, तुम्ही जरा बाहेर बसा," ती म्हणाली, आणि सिस्टरच्या पाठीखाली हात घालून त्यांना हळूच कुशीवर वळवलं.

मी ओटीवर येऊन बसलो. आत बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग सिस्टर बोलल्या. हुकूम हुकूमच होता.

"मानेपासून सुरू कर. घाई करू नकोस."